वनस्पतीचा अर्क नैराश्यावर गुणकारी आहे का? उंदरांवरील चाचणीचे सविस्तर मार्गदर्शन

पुण्यातल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांत एम. फार्म.च्या प्रबंधासाठी एखादी वनस्पती घ्यायची, तिचा अर्क काढायचा आणि उंदरांवर त्याची नैराश्यविरोधी चाचणी करायची, हा विषय विद्यार्थ्यांना नेहमी आकर्षक वाटतो. चाचणीची साधने साधी आहेत, खर्च आवाक्यातला आहे आणि प्रत्यक्ष वर्तनचाचणी दोन-तीन दिवसांत उरकते, त्यामुळे हे काम सोपे असल्याचा समज होतो. परंतु या चाचण्यांमध्ये आपण मोजतो ती उंदराची निश्चल राहण्याची वेळ, नैराश्य नव्हे. ‘अचलता कमी झाली’ हे निरीक्षण असते आणि ‘अर्क नैराश्यविरोधी आहे’ हा निष्कर्ष असतो. या दोहोंमधले अंतर कसे पार करायचे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरण म्हणून कारिवणा, म्हणजेच मंडूकपर्णी, ही वनस्पती घेतली असली तरी पद्धत इतर वनस्पतींनाही लागू पडते. हे सगळे काम नोंदणीकृत प्राणिगृह असलेल्या संस्थेतच आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच करायचे आहे.

वनस्पतीची ओळख

मी मुद्दाम कारिवणा निवडला, कारण ओळखीचा घोळ तिथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून जे विकले जाते, ते पुष्कळदा कारिवणा, म्हणजे सेंटेला एशियाटिका असते. आयुर्वेदाच्या बहुतेक आधुनिक ग्रंथांतली ब्राह्मी मात्र बॅकोपा मोन्निएरी, म्हणजे नीरब्राह्मी असते. दोन्हींची कुळे वेगळी आहेत आणि घटकद्रव्येही वेगळी आहेत. एकीत एशियाटिकोसाइड आणि मॅडेकॅसोसाइड सापडतात, तर दुसरीत बॅकोसाइड असतात. शंखपुष्पीच्या बाबतीत तर एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती बाजारात येतात. म्हणून पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेली पुडी आणून तिच्यावर प्रबंध उभा करू नये.

ताजी वनस्पती शक्यतो फुला-फळांसह स्वतः गोळा करावी. कारिवणा मुळशी-मावळाकडच्या भातखाचरांच्या बांधांवर, विहिरींच्या कडेला आणि ओलसर सावलीच्या जागी पसरलेला असतो. शहरातल्या नाल्यांच्या काठचा कारिवणा घेऊ नये, कारण सांडपाण्यातले जड धातू वनस्पतीत उतरतात आणि मग मेंदूवर दिसणारा परिणाम कशाचा, हे सांगता येत नाही. वनविभागाच्या हद्दीतून काही आणायचे असल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी. गोळा केल्याची तारीख, ठिकाण आणि वापरलेला भाग यांची नोंद जागेवरच करावी. त्यातल्या एका झाडाचा दाबून वाळवलेला नमुना तयार करून तो कोरेगाव रस्त्यावरील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत ओळख पटवण्यासाठी द्यावा. तिथून मिळणारे प्रमाणपत्र आणि नमुना क्रमांक प्रबंधात नोंदवणे आवश्यक आहे.

अर्क काढणे

वनस्पती धुऊन सावलीत वाळवावी. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत सावलीत वाळवलेल्या पानांना बुरशी धरते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये साधारण ४० अंश सेल्सिअसला वाळवणे बरे. वाळलेले पंचांग (मूळ, खोड, पाने, फुले, फळे यांसह संपूर्ण वनस्पती) जाडसर दळावे. फार बारीक भुकटी गाळताना त्रास देते. मद्य (इथेनॉल) आणि पाणी ७० : ३० या प्रमाणात घेऊन खोलीच्या तापमानाला भिजवून काढलेला अर्क पारंपरिक वापराच्या जवळचा असतो आणि त्यात ध्रुवीय ग्लायकोसाइडेही चांगली उतरतात. सॉक्सलेट हे गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवणारे उपकरण वापरल्यास तासन्तास उष्णता लागते, हे लक्षात घ्यावे. द्रावक रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ५० अंशांच्या आत उडवावा आणि अर्काचे वजन स्थिर होईपर्यंत वाळवावे. मद्याचा अंश उरला तर त्याचाच वर्तनावर परिणाम होतो. ५०० ग्रॅम भुकटीतून ६० ग्रॅम अर्क मिळाला, तर उतारा १२ टक्के, हा आकडा नोंदवावा.

त्यानंतर एचपीटीएलसी किंवा एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धती) करून ओळखीच्या घटकाचे, इथे एशियाटिकोसाइडचे, प्रमाण काढावे. प्राथमिक रंगचाचण्यांनी ‘ग्लायकोसाइड आहेत, टॅनिन आहेत’ एवढेच कळते आणि तेवढ्यावर कोणालाही तुमचा प्रयोग पुन्हा करता येत नाही. सगळ्या प्रयोगाला पुरेल एवढा अर्क एकाच वेळी काढून हवाबंद बाटलीत शीतकपाटात ठेवावा. २५ ग्रॅमच्या उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम मात्रा म्हणजे दिवसाला ५ मिलिग्रॅम अर्क, त्यामुळे दहा उंदरांना चौदा दिवस देण्यासाठी ७०० मिलिग्रॅम पुरतो. २०० ग्रॅमच्या विस्टार जातीच्या रॅटवर तोच प्रयोग केला, तर ५.६ ग्रॅम लागतो. (या लेखात ‘उंदीर’ म्हणजे प्रयोगशाळेतला लहान उंदीर, माउस, आणि ‘रॅट’ म्हणजे त्याहून बराच मोठा उंदीर.) अर्क कमी असेल तर उंदीर निवडावेत.

नीतिसमितीची मंजुरी आणि प्राण्यांची संख्या

प्राण्यांवरील प्रयोगांना १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि १९९८ चे नियम लागू आहेत. संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे ‘फॉर्म बी’मध्ये प्रस्ताव सादर करावा लागतो आणि मंजुरीशिवाय एकाही प्राण्याला हात लावता येत नाही. समितीत पशुवैद्यक, प्राणिगृहाचे प्रमुख, बाहेरचे सदस्य आणि पूर्वी सीपीसीएसईए नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधी असतो. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, त्यामुळे वनस्पतीची ओळख पटवण्याचे काम चालू असतानाच प्रस्ताव तयार ठेवावा.

प्रस्तावात सर्वांत जास्त विचार प्राण्यांच्या संख्येचा करावा. ‘दर गटात सहा’ ही आपल्याकडची जुनी सवय आहे आणि तिच्यामागे कुठलेही गणित नाही. समजा, अर्कामुळे अचलता ४० सेकंदांनी कमी होईल अशी अपेक्षा आहे आणि एका गटातल्या उंदरांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा विखुरलेपणा, ३० सेकंद आहे. पाच टक्के सार्थकता (नसलेला परिणाम चुकून दिसण्याची शक्यता) आणि ऐंशी टक्के सामर्थ्य (खरा परिणाम पकडण्याची शक्यता) धरले, तर दोन गटांच्या तुलनेसाठी दर गटात सुमारे दहा उंदीर लागतात. सहाच घेतले, तर खरा परिणाम असूनही तो निसटण्याची शक्यता मोठी असते आणि ते सगळे प्राणी वाया जातात. प्राणी कमी वापरणे म्हणजे प्रत्येक वेळी गट लहान करणे नव्हे, एवढे तरी समितीसमोर स्पष्ट मांडता आले पाहिजे. प्रमाण विचलनाचा आकडा आपल्याच प्रयोगशाळेतल्या जुन्या नियंत्रण गटांच्या (अर्क किंवा औषध न दिलेल्या उंदरांच्या) नोंदींवरून घ्यावा.

विषाक्तता आणि मात्रा

तीव्र विषाक्ततेसाठी ओईसीडीची (आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची) ४२३ क्रमांकाची पद्धत वापरतात. एका टप्प्यात एकाच लिंगाचे, साधारणपणे मादी, तीन प्राणी घ्यायचे. मात्रा किलोमागे ५, ५०, ३०० किंवा २००० मिलिग्रॅम यांपैकी निवडायची. पूर्वमाहिती नसल्यास ३०० पासून सुरुवात करावी. उंदरांना मात्रेपूर्वी तीन-चार तास अन्न देऊ नये, पाणी मात्र द्यावे. मात्रेनंतर पहिला अर्धा तास, मग पहिले चार तास बारकाईने आणि पुढे चौदा दिवस रोज पाहणी करावी. नुसता मृत्यू झाला की नाही एवढेच पाहू नये. सुस्ती, थरथर, केस ताठ होणे, चालण्यातला डळमळीतपणा या लक्षणांची नोंद इथेच मिळते आणि वर्तनचाचणीचा अर्थ लावताना ती फार उपयोगी पडते.

२००० मिलिग्रॅमपर्यंत काही झाले नाही, तर त्याच्या विसाव्या, दहाव्या आणि पाचव्या भागाएवढ्या, म्हणजे १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा तीन मात्रा घेण्याचा प्रघात आहे. प्रघात वाईट नाही, पण या मात्रेचे माणसातले रूप काढून पाहावे. उंदराची मात्रा १२.३ ने भागली की शरीराच्या पृष्ठभागावर आधारित मानवी मात्रा मिळते. २०० मिलिग्रॅमचे किलोमागे सुमारे १६ मिलिग्रॅम होतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ९७५ मिलिग्रॅम अर्क. एवढा अर्क माणसाला रोज घेता येईल का, असा प्रश्न मात्रा ठरवतानाच विचारावा. हे गणित फक्त संशोधनाच्या आखणीसाठी आहे. त्यावरून कोणी स्वतः अर्क घेऊ नये किंवा चालू असलेल्या गोळ्या बंद करू नयेत.

अर्क ०.५ टक्के सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये घोळून तोंडावाटे द्यावा. किलोमागे १० मिलिलिटर द्रव ठरवले, तर २५ ग्रॅमच्या उंदराला ०.२५ मिलिलिटर जाते आणि २०० मिलिग्रॅम मात्रेसाठी मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमचे मिश्रण लागते. नियंत्रण गटालाही तेवढ्याच आकारमानाचे, पण अर्क नसलेले मिश्रण द्यावे. तुलनेसाठी ज्ञात नैराश्यविरोधी औषध, म्हणजे इमिप्रामिन किलोमागे १५ मिलिग्रॅम किंवा फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम वापरतात. इथे एक चूक वारंवार होते: अर्क तोंडावाटे आणि इमिप्रामिन पोटात सुईने. मग सुईचा ताण फक्त एकाच गटाला बसतो. सगळ्यांना एकाच मार्गाने औषध द्यावे. ते शक्य नसेल, तर प्रत्येक उंदराला दोन्ही मार्गांनी काहीतरी द्यावे.

खोली, वेळ आणि आवाज

उंदीर आल्यावर किमान आठवडाभर त्यांना प्राणिगृहाची सवय होऊ द्यावी. तापमान २२ अंशांच्या आसपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार आणि पिंजऱ्यात एकाच लिंगाचे चार-पाच उंदीर, एवढी व्यवस्था हवी. एप्रिल-मेमध्ये वीज गेली की वातानुकूलन बंद पडते, म्हणून तापमानाची नोंद करणारे उपकरण खोलीत कायम असावे आणि ज्या दिवशी तापमान मर्यादेबाहेर गेले, त्या दिवशी चाचणी करू नये.

पुण्यात वेळापत्रक आखताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ढोल-ताशा पथकांचे सराव गणपतीच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच सुरू होतात. त्यानंतर उत्सवाचे दहा दिवस येतात आणि दिवाळीत फटाके. मोठा आवाज हा उंदरांसाठी थेट ताण आहे आणि आपण तर ताणाशी निगडित वर्तनच मोजणार आहोत. मी विद्यार्थ्यांना वर्तनचाचण्या शक्यतो डिसेंबर ते मार्च या काळात ठेवायला सांगतो. प्राणिगृह रस्त्यापासून लांब असले, तरी ढोलाचा घुमारा भिंतींतून येतो.

गट पाडताना पिंजऱ्यातून हाताला येईल तो उंदीर घेऊ नये. सुस्त उंदीर आधी हाती लागतो आणि तो नियंत्रण गटात जातो. वजनानुसार क्रम लावून संगणकावरच्या यादृच्छिक क्रमांकांनी वाटणी करावी. औषधाच्या बाटल्यांवर गटाच्या नावाऐवजी सांकेतिक अक्षरे असावीत आणि ती यादी तिसऱ्या व्यक्तीकडे बंद लिफाफ्यात असावी. कारिवण्याचा अर्क गडद हिरवा असतो, त्यामुळे सिरिंज पाहूनच गट कळतो. माझ्या देखरेखीखालच्या एका प्रकल्पात औषध देणाऱ्यानेच सेकंद मोजले होते. तेच चित्रीकरण गटांची माहिती नसलेल्या दुसऱ्या विद्यार्थिनीने मोजले, तेव्हा अर्काचा परिणाम बराच उणावला. तेव्हापासून औषध देणारा वेगळा आणि मोजणारा वेगळा, या नियमाला मी सवलत देत नाही.

सक्तीच्या पोहण्याची चाचणी

पोर्सोल्ट यांनी १९७७ मध्ये मांडलेली ही चाचणी आजही सर्वाधिक वापरली जाते. ज्यातून सुटका नाही अशा पाण्याच्या भांड्यात सोडलेला उंदीर आधी धडपडतो आणि मग फक्त नाक पाण्यावर राहील एवढीच हालचाल करत तरंगतो. ज्ञात नैराश्यविरोधी औषधे हा तरंगण्याचा काळ कमी करतात. तरंगणे म्हणजे हताशपणा, असा अर्थ पूर्वी सर्रास लावत. उंदीर परिस्थितीशी जुळवून घेऊन शक्ती वाचवतो, असेही अनेक संशोधकांचे म्हणणे आहे आणि ब्रिटनमध्ये या चाचणीच्या वापरावर आता कडक निर्बंध आले आहेत. म्हणून ही चाचणी ‘औषधाची चाळणी’ म्हणून वापरावी, ‘नैराश्याची प्रतिकृती’ म्हणून नव्हे. प्रबंधातही तसेच लिहावे.

पारदर्शक, उभे, गोल भांडे घ्यावे, २० सेंटिमीटर व्यासाचे आणि किमान २५ सेंटिमीटर उंच. पाणी १५ सेंटिमीटर खोल असावे, म्हणजे शेपूट तळाला टेकत नाही. जुन्या पद्धतीत ६ सेंटिमीटर पाणी वापरत, पण त्यात काही उंदीर शेपटीवर उभे राहतात आणि ती अचलता खोटी असते. पाण्याचे तापमान २३ ते २५ अंश ठेवावे आणि प्रत्येक उंदरापूर्वी थर्मामीटरने तपासावे, कारण गच्चीवरच्या टाकीतले डिसेंबरचे पाणी आणि मेचे पाणी यांत फार फरक असतो. मात्रा दिल्यानंतर साठ मिनिटांनी उंदराला शेपटीच्या मुळाशी धरून हलकेच पाण्यात सोडावे. चाचणी सहा मिनिटांची. पहिली दोन मिनिटे सोडून शेवटच्या चार मिनिटांतली, म्हणजे २४० सेकंदांपैकी, अचलता मोजावी. प्रत्येक उंदरासाठी पाणी बदलावे, कारण आधीच्या उंदराची लघवी आणि गंध पुढच्याच्या वर्तनावर परिणाम करतात. पूर्ण वेळ कोणीतरी समोर हजर असावे आणि उंदराचे डोके पाण्याखाली गेल्यास त्याला तत्काळ बाहेर काढावे. नंतर टॉवेलने पुसून, दिव्याच्या सौम्य उबेत वाळल्यावरच त्याला पिंजऱ्यात सोडावे.

रॅटसाठी पद्धत वेगळी आहे: आदल्या दिवशी पंधरा मिनिटांचे पोहणे आणि चोवीस तासांनी पाच मिनिटांची चाचणी. त्यात भिंतीवर चढण्याची धडपड आणि पोहणे वेगवेगळे मोजले, तर नॉरॲड्रेनलिनवर (हे आणि सेरोटोनिन ही मेंदूतली संदेशवाहक रसायने) काम करणारी औषधे चढणे वाढवतात आणि सेरोटोनिनवर काम करणारी पोहणे वाढवतात, हा उपयुक्त भेद दिसतो.

शेपटीने टांगण्याची चाचणी

१९८५ मध्ये स्टेरू आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या या चाचणीत पाणी नसल्यामुळे शरीर थंड पडण्याचा प्रश्न येत नाही. शेपटीच्या टोकापासून सुमारे एक सेंटिमीटरवर चिकटपट्टी लावून उंदराला जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर सहा मिनिटे टांगतात आणि संपूर्ण सहा मिनिटांतली अचलता मोजतात. काही जातींचे उंदीर, विशेषतः सी५७ ब्लॅक ६, शेपटीवर चढतात. शेपटीत हलकी पोकळ नळी ओवल्यास ते टळते, नाहीतर तो उंदीर गणनेतून वगळून तसे नमूद करावे. रॅटवर ही चाचणी करू नये, कारण त्यांचे वजन शेपटीला झेपत नाही. पोहण्याच्या चाचणीतले उंदीर लगेच इथे वापरू नयेत, स्वतंत्र उंदीर घ्यावेत.

चलनवलन मोजल्याशिवाय निष्कर्ष नाही

बहुतेक प्रबंध याच ठिकाणी कच्चे राहतात. कॅफिन किंवा ॲम्फेटामिन दिले, तरी उंदीर जास्त हालचाल करतो आणि अचलता घटते. अर्काने तेच केले असेल, तर तो उत्तेजक आहे, नैराश्यविरोधी नव्हे. म्हणून त्याच मात्रांवर आणि त्याच वेळेला, वेगळ्या उंदरांत, ॲक्टोफोटोमीटरवर (प्रकाशकिरण किती वेळा तुटले यावरून हालचाल मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ४० बाय ४० सेंटिमीटरच्या मोकळ्या चौकटीत दहा मिनिटे चलनवलन मोजावे. प्रत्येक उंदरानंतर पृष्ठभाग मद्याने पुसावा. अचलता घटली आणि चलनवलन तसेच राहिले, तरच पुढे जावे. चलनवलन वाढले, तर तसे प्रामाणिकपणे लिहावे. तोही निकालच आहे. उलट अर्काने गुंगी येत असेल, तर अचलता वाढून खरा परिणाम झाकला जाऊ शकतो. मंडूकपर्णी, जटामांसी, वेखंड यांसारख्या शामक म्हणून वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे.

दीर्घकाळ ताणाचा नमुना

वरच्या दोन्ही चाचण्यांत एकाच मात्रेने परिणाम दिसतो, माणसाला मात्र औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. ही विसंगती कमी करण्यासाठी चार ते सहा आठवडे सौम्य, अनपेक्षित ताण देण्याची पद्धत आहे. पिंजरा ४५ अंशांत तिरका ठेवणे, भुसा ओला करणे, रात्री दिवा चालू ठेवणे, काही तास पाणी काढून घेणे असे ताण क्रम बदलत द्यायचे, म्हणजे उंदराला अंदाज येत नाही. शेवटी साखरेच्या पाण्याची आवड मोजायची. एका बाटलीत १ टक्का सुक्रोजचे द्रावण आणि दुसरीत साधे पाणी ठेवून एकूण पिण्यातला सुक्रोजचा वाटा टक्क्यांत काढतात. बाटल्यांच्या जागा मध्येच बदलाव्यात, नाहीतर एका बाजूची सवय मोजली जाते. ताण देण्यापूर्वीही ही आवड मोजून ठेवावी. या कामाला स्वतंत्र खोली आणि सुट्टीच्या दिवशीही येणारा माणूस लागतो. दोन्ही नसतील, तर हा भाग हाती घेऊ नये.

त्यापुढे कार्यप्रणाली शोधायची असेल, तर सेरोटोनिनची निर्मिती थांबवणारे पी-क्लोरोफेनिलॲलॅनिन किलोमागे १०० मिलिग्रॅम चार दिवस आधी देतात. त्यामुळे अर्काचा परिणाम नाहीसा झाला, तर सेरोटोनिनचा सहभाग सुचतो. मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए (ही संदेशवाहक रसायने मोडणारे विकर) आणि कॉर्टिकोस्टेरॉन (उंदरांतले ताणाचे संप्रेरक) हेही मोजतात. कॉर्टिकोस्टेरॉनसाठी रक्त रोज ठरावीक वेळीच घ्यावे, कारण त्याची पातळी दिवसभरात मोठ्या प्रमाणात बदलते.

आकडे मांडणे

पाच गट असतील, तर जोडी-जोडीने टी चाचण्या लावू नयेत. आधी एकमार्गी ॲनोव्हा (सगळ्या गटांच्या सरासरींची एकत्र तुलना करणारी चाचणी) आणि नंतर नियंत्रण गटाशी तुलना करण्यासाठी डनेट चाचणी वापरावी. सरासरीसोबत प्रमाण विचलन द्यावे, प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) नव्हे. प्रमाण त्रुटीमुळे विखुरलेपणा लहान दिसतो. आलेखात प्रत्येक उंदराचा बिंदू दाखवावा. इमिप्रामिनच्या गटातच अचलता घटली नसेल, तर चाचणी चालली नाही, असे समजून अर्काचा निकाल बाजूला ठेवावा. वगळलेल्या प्रत्येक प्राण्याचे कारण लिहावे आणि वगळण्याचे निकष सांकेतिक यादी उघडण्याआधी ठरवावेत. अहवाल लिहिताना २०२० मधली प्राण्यांवरील प्रयोगांच्या अहवालासाठीची सुधारित ‘अराइव्ह’ मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवली, की यांतले काही सुटत नाही.

प्रयोग संपल्यावर मंजूर प्रस्तावात नमूद केलेल्या पद्धतीनेच प्राण्यांना वेदनारहित मृत्यू द्यावा आणि मृत शरीरे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीतून द्यावीत. मूळ चित्रीकरण, वजनांची वही, तापमानाच्या नोंदी, सांकेतिक यादी आणि उरलेल्या अर्काची नमुना क्रमांक लिहिलेली बाटली विभागात जपून ठेवावी, म्हणजे पुढच्या तुकडीतल्या विद्यार्थ्याला तोच अर्क घेऊन तीच चाचणी पुन्हा करता येते.